गाडी बंद पडते, पण कधी?

अगं, सिग्नलला गाडी गचकन बंद पडली आणि मागून हॉर्न सुरू झाले की जीव कसा कासावीस होतो, ते काय मला ठाऊक नाही? अंगठा सेल्फवर जातो आणि तिथेच चिकटतो. शेजारचा बाइकवाला ‘चोक द्या, चोक द्या’ म्हणतो, दुसरा ‘ओव्हर झालीय’ म्हणतो, आणि आपण घामाघूम. चालू झाली की सुटलो म्हणत घरी येतो आणि विषय मागे पडतो. मग पुन्हा एकदा ऐन गर्दीत तेच. परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, ‘ताई, ही स्कूटर विकूनच टाकते.’ विकू नकोस. आधी माझं ऐक.

मेकॅनिककडे जाऊन ‘दादा, गाडी बंद पडते’ एवढंच सांगू नकोस. अधूनमधून बंद पडणारी गाडी त्याच्या दुकानासमोर हमखास नीट चालते. मग तो अंदाजाने प्लग बदलतो, पुढच्या खेपेला कार्ब्युरेटर खोलतो, त्याच्या पुढच्या खेपेला बॅटरी गेली म्हणतो. तो लबाड असतोच असं नाही गं. त्याच्या हाती तू काही दिलेलंच नसतं. गाडी कधी बंद पडते हे फक्त तुला माहीत असतं, आणि दुखणं ओळखायला तेवढंच लागतं.

म्हणून आठवडाभर मोबाईलमध्ये टिपून ठेव. अगदी साधं. ‘सकाळ, गाडी थंड, गल्लीच्या तोंडाशी.’ ‘संध्याकाळ, दादरच्या टिळक पुलाचा चढ, गाडी तापलेली, टाकी अर्धी, ब्रेक धरलेला.’ ‘खड्ड्यात आपटली आणि लगेच बंद.’ थंड होती की गरम, पेट्रोल किती होतं, पाऊस होता का, हँडल वळवलेलं होतं का, मीटरवर कुठला दिवा लागला होता का, आणि लगेच चालू झाली की पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागलं. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांत काहीतरी सारखं दिसायला लागतं.

आता आयडलिंग म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घे. पुढचं सगळं सोपं जाईल. इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते, आणि आत दाब नीट धरावा लागतो. तू रेस देतेस तेव्हा हवा-पेट्रोल मुबलक जातं, थोडी खोट असली तरी ती झाकली जाते. रेस सोडलीस की मुख्य वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिन केसाएवढ्या भोकातून येणाऱ्या हवा-पेट्रोलवर जगतं. गॅसची शेगडी मोठी असताना बरी जळते आणि बारीक केली की कचरा अडकलेला बर्नर फडफडून विझतो, तसंच हे. म्हणून ‘चालताना मस्त, थांबली की मरते’ हे ऐकून घाबरायचं कारण नाही. बहुतेकदा खोट बारीक वाटेत असते, आणि ती स्वस्तात निघते.

आपल्या गिरगाव-परळ-लालबाग भागात तर गाडी धावते कमी आणि थांबते जास्त. जे.जे.च्या उड्डाणपुलावर दुचाकीला बंदी, म्हणून लालबागहून दक्षिणेला येताना तू खालून मोहम्मद अली रोडने रांगत येतेस. २०२५च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून परळची गर्दी टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर आली. त्यात गिरगावात मेट्रोच्या खोदकामाने वर्षानुवर्षं धूळ उडवली आणि परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवरची कामं अजून संपलेली नाहीत. ही धूळ एअर फिल्टर गिळतो. फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल त्या मानाने जास्त, आणि गाडी आयडलिंगला गुदमरते. तेव्हा सुरुवात फिल्टरपासून कर. एक ध्यानात ठेव, बऱ्याच स्कूटरींचा फिल्टर तेलकट कागदाचा असतो. त्याला हवा मारून झटकायचं नसतं, तो बदलायचाच असतो. कुणी ‘हवा मारून देतो, चालेल अजून’ म्हणाला तर गाडीचं पुस्तक उघडून दाखव.

मग प्लग. हा तू स्वतः बघायला शीक, खरंच सांगते. इंजिन पूर्ण थंड होऊ दे, सकाळी निघण्याआधी बघ. प्लगची टोपी हलकेच फिरवत ओढायची, वायर धरून नाही. टूलकिटमधल्या पान्याने प्लग सैल करायचा आणि आजूबाजूची माती फुंकून मगच बाहेर काढायचा, नाहीतर ती आत पडते. आता टोक उजेडात धर. फिकट तपकिरी असेल तर आतली आग नीट आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक असेल तर उलट, पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. ओला आणि तेलाने चकाकणारा असेल तर मात्र तेल जळतंय, तो मोठ्या कामाचा इशारा. टोकाची फट पुष्कळ स्कूटरींत ०.८ ते ०.९ मिलिमीटर असते; घासून वाढली की ठिणगी कच्ची पडते. परत बसवताना आधी हातानेच आटे धरू दे, शेवटी तेवढा पान्याने आवळ. जुन्या प्लगला पाव वळसाही पुरतो. जोर लावून ॲल्युमिनियमचे आटे गेले तर दोनशेच्या कामाचे हजारो होतात. आणि त्या टोकाचा फोटो काढून ठेव. मेकॅनिकला हा फोटो दाखवलास की त्याच्या बोलण्याचा सूरच बदलतो, बघ तू.

तुझ्या नोंदी आता कामी येतात. सकाळी थंड असताना दोन-तीनदा बंद पडते आणि तापली की ठीक, असं असेल तर चोकचं काम, आयडलिंगच्या वाटेतला कचरा किंवा अशक्त बॅटरी. थंडपणी शहाणी आणि तापल्यावर मरतुकडी असेल तर दोन शक्यता मी आधी धरीन. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ऑटो चोक वेळेवर बंद होत नसेल तर गरम इंजिनाला पेट्रोल जास्त होतं. दुसरी, टॅपेट घट्ट झालेले असतील तर धातू तापून वाढला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि आयडलिंग खाली येतं. टॅपेट तपासायला इंजिन थंड लागतं, म्हणून गाडी आदल्या रात्री ठेवून यायची. तापलेल्या इंजिनावर लगेच ‘टॅपेट सेट करून देतो’ म्हणणाऱ्याकडून ते काम करून घेऊ नकोस.

अर्धा तास नीट चालते, मग दम सुटल्यासारखी बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालू? तेव्हा चावी बंद करून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघड. सुस्सकन हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं किंवा टाकीचं हवा घेण्याचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरतच नव्हतं. झाकण उघडून काही फरक पडला नाही आणि गार झाल्यावरच चालू होत असेल तर तापल्यावर ठिणगीची कॉइल किंवा एखादा सेन्सर दगा देतोय. हे मेकॅनिकला याच शब्दांत सांग, ‘गार झाल्यावर चालू होते.’ त्या चार शब्दांनी त्याचं अर्धं काम होतं.

हँडल वळवल्यावर बंद पडते का, हे घरासमोर दोन मिनिटांत कळतं. डबल स्टँडवर लाव, मागचं चाक मोकळं फिरू दे, इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. आवाज चढला किंवा पडला तर ॲक्सिलरेटरची केबल नाहीतर हँडलखालची वायर ताणली जातेय. खड्ड्यात आपटल्यावर बंद पडत असेल तर बॅटरीचे नट हाताने हलवून बघ, आणि साइड स्टँडचा स्विचही. साइड स्टँड खाली असला की इंजिन बंद करणारा स्विच आता पुष्कळ गाड्यांत असतो. त्यात चिखल बसला की स्टँड वर असतानाही गाडीला तो खाली वाटतो. पाणी मारून धुणं, एवढाच कधीकधी उपाय असतो.

आणि हो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं इतकं साधं आहे. तुझी गाडी नवी असेल तर ती बिघडलेलीच नसेल. पेट्रोल वाचवायला सिग्नलवर काही सेकंदांनी आपोआप बंद होणारी आणि रेस दिली की पुन्हा चालू होणारी सोय काही स्कूटरींत येते. तिचं बटण हँडलपाशी असतं. ते बंद करून दोन दिवस चालव. त्रास गेला तर प्रश्न मिटला.

१ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि स्कूटरींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. तुझी गाडी त्यानंतरची असेल तर पेट्रोल इंजेक्शनने जातं आणि आयडलिंग किती ठेवायचं ते छोटा संगणक ठरवतो. तिथे थ्रॉटल बॉडीत कार्बन साचतो, आयडलिंगची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह चिकटतो. साफ केला की पुष्कळदा गाडी पूर्ववत होते. मीटरवर इंजिनाच्या खुणेचा दिवा लागला किंवा ठरावीक वेळा लुकलुकला तर मोबाईलवर त्याचं चित्रण करून ठेव. ते लुकलुकणं म्हणजे बिघाडाचा आकडा असतो. अशा गाड्यांना बॅटरीही धडधाकट लागते. पंप, इंजेक्टर, संगणक सगळे तिच्यावर, शिवाय २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत सतत पेटलेलाच. सिग्नलला हेडलाइट मंद होत असेल, हॉर्न कण्हत असेल तर आधी बॅटरी मोजून घे. निवांत असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी आणि इंजिन थोडं रेस केलं की चौदाच्या जवळ गेली पाहिजे. चौदाच्या जवळ जात नसेल तर नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही, चार्जिंगचं बघावं लागेल.

पेट्रोलबद्दल एक. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचं फारसं काही नाही, पण चाळीच्या जिन्याखाली पावसाळाभर उभी राहिलेली, पाव टाकी भरलेली स्कूटर दसऱ्याला काढलीस तर तळाशी पाणी असू शकतं. शंका आली तर थोडं पेट्रोल मेकॅनिककडून काचेच्या बाटलीत काढून घे आणि स्थिर ठेव. खाली गढूळ थर बसला तर टाकी रिकामी करून घ्यावी लागेल. हे घरात, देवाच्या दिव्यापाशी किंवा शेगडीजवळ अजिबात करायचं नाही. आणि तपासायच्या नावाखाली जिन्याखाली इंजिन चालू ठेवून उभी राहू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं.

पावसाळ्याचं तर तुला वेगळं सांगायला नको. हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी साठवायला महापालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या, तरी मुसळधार पावसात त्या रस्त्यावर गाडी घालण्याआधी मी दोनदा विचार करते. पाण्यात गाडी बंद पडली तर तिथल्या तिथे सेल्फ मारत बसू नकोस. फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलं असेल तर त्या एका सेल्फने आतला दांडा वाकू शकतो. ढकलत कोरड्यात ने, फिल्टर आणि प्लग उघडून बघितल्याशिवाय चालू करू देऊ नकोस. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी टेम्पोतच घालायची.

आता ज्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला, ते ऐक. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय म्हणजे ‘रेस वाढवून देतो.’ स्क्रू पिळला, आयडलिंग चढलं, गाडी बंद पडायची थांबली, पैसे घेतले, काम झालं. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर-प्लग साफ करून झाल्यावर शेवटी तो स्क्रू लावायचाच असतो, ते बरोबर आहे. पण कारण न शोधता तोच पिळणं म्हणजे आजार झाकणं. स्कूटरला क्लच हाताने दाबायचा नसतो. इंजिनाचे फेरे ठरावीक वेगापुढे गेले की तो आपोआप धरतो. आयडलिंग फार चढवलं की रेस न देताही मागचं चाक ओढायला लागतं.

तू गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून स्कूटर काढणार म्हणतेस ना? मला त्याचं किती कौतुक आहे ते तुला माहीत आहे. पण तिथलं चित्र आठव. फडके गणपती मंदिरापासून यात्रा निघते, चैत्रातलं ऊन, पावलापावलाने सरकणं, पुढे ढोलपथक, मध्येच फोटोसाठी धावणारी पोरं, बाजूला लेझीमच्या मुली. तिथे बंद पडलेली गाडी चार जणी ढकलून बाजूला नेतात, त्यात लाज कसली? पण चढवलेल्या आयडलिंगची गाडी ब्रेक जरा सुटला की पुढच्या पोराच्या पायावर जाते. म्हणून मी म्हणते, बंद पडणारी गाडी परवडली, ओढणारी नको. इंजिन चालू करून डबल स्टँडवर लाव. रेस शून्य असताना मागचं चाक जोरात फिरत असेल आणि ब्रेकने थांबवल्यावर सोडताच पुन्हा वेग घेत असेल तर ती गाडी यात्रेत न्यायचीच नाही. तुझ्या मैत्रिणींनाही हे सांग. बुलेट काढणाऱ्या असतील त्यांना आणखी एक सांग. स्कूटरच्या इंजिनाला थंड ठेवायला आत पंखा असतो, साध्या हवेवर गार होणाऱ्या बाइकला तो नसतो. यात्रा थांबली की त्यांनी इंजिन बंद करावं.

बाबांच्या सीएनजी गाडीचंही तू विचारलं होतंस. तिथे एक युक्ती पुरते. सीएनजीवर आयडलिंग पडत असेल तर बटण पेट्रोलवर टाकून दोन दिवस चालवायला सांग. पेट्रोलवर शहाणी झाली तर सीएनजीचा फिल्टर, दाब कमी करणारा रिड्यूसर नाहीतर त्याचं ट्यूनिंग. दोन्हींवर त्रास देत असेल तर प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडी, एखादी चिरलेली हवेची नळी. एसी लावल्यावरच बंद पडत असेल तेही सांगायचं. आणि किट उघडायचं काम फक्त सीएनजीचं काम जाणणाऱ्याकडेच.

ऐन रस्त्यात बंद पडली तर काय करायचं, तेही ठरवून ठेव. घाई नको. इंडिकेटर लाव, मागे बघ, उतरून गाडी डावीकडे घे. सेल्फ चार-पाच सेकंदांच्या वर दाबायचा नाही, मध्ये थोडं थांबायचं, नाहीतर बॅटरीही जाते. दुखणं सापडेपर्यंत लालबागच्या उड्डाणपुलावर चढू नकोस, खालून जा. वर बाजूला घ्यायला जागा नाही. हॉर्न वाजवणारे वाजवतील. त्यांच्यासाठी जीव टांगणीला लावायचा नाही.

मेकॅनिककडे गेलीस की नोंदी दाखव, प्लगचा फोटो दाखव, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांग. तीन भाग एकदम बदलले तर कशाने बरी झाली ते कधीच कळत नाही. काढलेला जुना भाग मागून घे. ‘त्याचं काय करणार ताई?’ असं विचारतील. ‘घरी दाखवायचाय’ म्हण आणि घे. महागडा भाग सांगितला तर ऑपेरा हाऊसच्या बाजूला सुट्या भागांच्या दुकानांत फोन करून भाव विचारायला लाजू नकोस. फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडी, टॅपेट, बॅटरी, एवढं होईपर्यंत इंजिन खोलायची गोष्ट कुणी काढली तर दुसऱ्या माणसाला दाखव.

आणि काम झालं की दुकानासमोर फेरी मारून समाधान मानू नकोस. नोंदींत ज्या वेळी ती बंद पडत होती, तशीच करून बघ. तापल्यावर पडत होती तर अर्धा तास चालवून, टिळक पुलाच्या चढावर थांबवून, ब्रेक धरून. ‘संध्याकाळी चालवून बघते आणि मग उरलेले देते’ असं आधीच ठरवून घे. चांगला मेकॅनिक याला कधीच नाही म्हणत नाही. जो नाही म्हणेल त्याच्याकडे गाडी ठेवू नकोस.